ट्रम्पेटवाल्याचा पुढचा दात

बँडमध्ये त्याला सगळे गालफुग्या म्हणत. ट्रम्पेट ओठाला लावला की त्याचे गाल असे टम्म फुगत की पुढच्या बाकावरची मुलं वाजवणं सोडून मागे वळून त्याचे गालच बघत बसत. गाल फुगवणं ही खरं तर चूकच, पण सूर इतका स्वच्छ निघे की बँडमास्तरांनी ती चूक पोटात घातली होती. दर रविवारी बागेत बँड वाजे, आणि लोक येतात ते आपल्यासाठी, असं याचं ठाम मत. अगदीच खोटं नव्हतं म्हणा.

तर अशा या माणसाचा वरचा पुढचा दात हलायला लागला.

आधी हिरडीतून रक्त यायचं. ट्रम्पेटच्या माउथपीसवर, म्हणजे फुंकायच्या टोकावर, लाल डाग दिसला आणि साहेबांनी आपलं आपणच निदान केलं: पितळ दाबून दाबून हिरडी दुखावली आहे. दुखऱ्या जागेला हात लावू नये, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल. मग पठ्ठ्याने त्या बाजूला ब्रश फिरवायचंच बंद केलं. हिरडीला म्हणे आराम. वर्षभर आराम करून हिरडी सुजली, वर सरकली, आणि जिभेने ढकललं की दात डुलू लागला.

ट्रम्पेटवाल्याला पुढचा दात म्हणजे काय, ते ज्याने कधी वाजवला नाही त्याला कळायचं नाही. माउथपीस ओठावर टेकतो आणि ओठ दातावर. दात गेला की ओठाला आधार नाही, आणि आधार नाही तर सूर कुठून यायचा? त्याच्या बाबांचं हेच झालं होतं. तेही याच बँडात ट्रम्पेट वाजवत. पन्नाशीला पुढचे दात गेले, कवळी बसवून वाजवून पाहिलं, तर नुसती फुसफुस. ट्रम्पेट मुलाच्या हातात दिला आणि पुन्हा बागेकडे फिरकले नाहीत. "आपल्या घराण्याचे दातच कच्चे," असं अजूनही म्हणायचे. गालफुग्यानेही ते नशीब म्हणून मान्य करून टाकलं होतं. आणि आता त्याची पन्नाशी आली होती.

घरात त्याने अवाक्षर काढलं नाही. पाव दुधात बुडवून खायचा, गाजर ताटाच्या कडेला सारायचा. बायकोला वाटलं, रुसलाय. मग दोन दिवस तीही रुसून बसली. पण एका सकाळी ती बेसिनपाशी आली आणि तिने लाल पाणी पाहिलं.

"हे कधीपासून?"

"माउथपीसमुळे होतं. जाईल आपोआप."

"चपला घाला," ती म्हणाली.

दातांची डॉक्टरीण त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिने हिरडी तपासली, दात हलवून पाहिला.

"काका, दातांच्या फटी कशाने साफ करता? तिथे ब्रश पोचत नाही."

"तिथे रक्त येतं, म्हणून मी हातच लावत नाही."

"घाण साठली म्हणून रक्त येतंय. आणि हात लावत नाही म्हणून घाण साठतेय."

बायकोला राहवेना. "वाजवून झालं की त्या ट्रम्पेटच्या पोटात रोज लांब ब्रश घालतात हे. नळीन् नळी पुसतात. स्वतःचं फुंकायचं तोंड मात्र वरवर."

आपलेच दात, आपलेच ओठ. गालफुग्याने एवढंच विचारलं, "राहील का हा?"

"हाड अजून बरंच शाबूत आहे. मी मुळापर्यंत साफ करून देते. पुढचं तुमच्या हातात. रोज फ्लॉस करायचा, एकही दिवस चुकवायचा नाही. मग राहायची आशा चांगली आहे." तिने बारीक दोरा बोटांना गुंडाळला, फटीत हळूच सरकवला आणि दाताला बिलगवून हिरडीच्या कडेच्या आतपर्यंत नेऊन खाली आणला. "करवतीसारखा ओढायचा नाही. आणि पहिले काही दिवस रक्त येईल, घाबरून थांबायचं नाही."

"दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," तो पुटपुटला.

"तुमचं भरतं," बायको म्हणाली.

पहिल्या आठवड्यात दोरा रोज लाल निघाला. दोनदा त्याने तो टाकून दिला, आणि दोन्ही वेळा बायकोने दातांच्या कण्या करून त्याला पुन्हा आरशासमोर उभं केलं. मग लालाचा गुलाबी झाला. आणि एक दिवस दोरा पांढराच्या पांढरा बाहेर आला. तो खिडकीच्या उजेडात धरून त्याने तिला हाक मारली. "उष्टा दोरा बघायला बोलावलंत होय," ती म्हणाली, पण बघितला तिने नीट, अगदी चष्मा लावून.

काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी दात पुन्हा ढकलून पाहिला. हलला म्हणावा इतका हललाच नाही. "आता हा कुठे जात नाही," त्या म्हणाल्या. "फक्त दोरा सोडू नका." गालफुग्याचा जीव भांड्यात पडला. त्या खुर्चीतच त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि पुसायला कागद मिळाला तोही तोंड पुसायचा.

घरी येऊन तो थेट बाबांच्या खोलीत गेला.

"बाबा, दात राहिला. घराण्याचं काही नव्हतं हो. फटी साफ केल्या नाहीत, म्हणून झालं होतं सगळं."

बाबांनी जिभेने कवळी जरा हलवली. मग म्हणाले, "म्हणजे माझेही राहिले असते."

हे गालफुग्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आनंदाच्या भरात आपण काय बोलून बसलो, ते त्याला आता कळलं आणि त्याला फार वाईट वाटलं. "तेव्हा कोणी सांगितलं नाही ना, बाबा."

"नाही सांगितलं." बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण तुझा राहिला. बरं झालं रे. फार बरं झालं. माझ्यासारखं घरात बसायला नको तुला."

मग त्यांनी कवळी काढून मुलाच्या तळहातावर ठेवली आणि गालात बोट घालून आत चाचपलं.

"मागे दोन आहेत अजून. शेजारी-शेजारी," ते बोबडं बोलले. "आण तो दोरा."