चौदा हातांखालची गाठ

भूतखेत, भानामती, अंगात येणं... यावर माझा काडीचाही विश्वास नाही. आयुष्यभर विज्ञान शिकवलं हो मी, आणि त्यातली निम्मी वर्षं पोरांच्या डोक्यातून हेच काढण्यात गेली. तरी लिहितोय. कारण तोंडी सांगून सांगून आता वैताग आलाय. प्रत्येक जण शेवटपर्यंत ऐकतो आणि मग म्हणतो, "सर, तुम्हीसुद्धा?" म्हणून एकदाच लिहून टाकतो, म्हणजे मोकळा.

नामांतराची वर्षं होती. मी बोरीला हायस्कूलवर होतो. आज शाळा चालू, उद्या बंद, एस.टी. आली तर आली. आमचे क्लार्क दिगंबरराव आणि मी, दोघांनाही गळ टाकायचा नाद. रविवारी सकाळी माझ्या फटफटीवर जिंतूरमार्गे येलदरीच्या धरणावर जायचं, ओळखीच्या भोयाची छोटी होडी घ्यायची, कणकेत हिंग मळून गोळ्या करायच्या आणि दुपारपर्यंत पाण्यात गळ सोडून बसायचं. मासा लागला तर लागला. मला खरं म्हणजे घरच्या कटकटीतून चार तास सुटका हवी असायची.

दिगंबररावांचं तसं नव्हतं. त्यांचं जुनं गाव याच पाण्याखाली. काठावरच्या दोन खुणा जुळवून होडी ते दरवेळी एकाच जागी न्यायचे. "आमचा गोठा हितंच खाली हाय, सर," एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाले.

ते दहा वर्षांचे असताना धरण भरायला लागलं. गाव वर माळावर हललं होतं, पण त्यांचा म्हातारा बैल सवयीनं परत जुन्या गोठ्यात गेला. वडील त्याला आणायला गेले. संध्याकाळी बैल एकटाच आला. प्रेत सापडलं नाही. कुणी म्हणालं बुडाले, कुणी म्हणालं पूर्णा स्टेशनात गाडीत चढताना पाहिले.

झालं. आता त्यांची माय सवाष्ण की विधवा, हे कुणालाच ठरवता येईना. बारा वर्षं वाट बघून पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. भावकीनं सगळी तयारी केली, तर मायनं भटजींना दारातूनच परत पाठवलं. कपाळावर ठसठशीत कुंकू लावून ती फिरायची, पण हळदी-कुंकवाचं बोलावणं तिला कुणी करत नसे. दिगंबरराव या सगळ्यात पार पिचून गेले होते. "कायतरी घावलं पायजे, सर. एखादं हाड बी चालंल. माय सुटंल अन् मी बी सुटंन." मासे नुसतं निमित्त होतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या रविवारी बऱ्यापैकी वारा होता. सकाळचे दहा-साडेदहा, लख्ख ऊन. होडी सरकू नये म्हणून आम्ही नायलॉनच्या दोरीला दगड बांधून खाली सोडायचो. खोली कळावी म्हणून दोरीवर हाताहाताच्या अंतरानं सुतळी गुंडाळलेली. दगड दिगंबररावांनी माझ्यासमोर बांधला — साध्या दोन गाठी, तेवढ्याच. चौदा हातांवर तळ लागला.

दोन रोहू मिळाले. निघताना दगड काही वर येईना. मी ओढला, त्यांनी ओढला, होडी कलायला लागली. खाली पडक्या भिंती, अडकला असेल. मी दोरी कापायला सुरी काढली, तेवढ्यात दोरी सैल झाली... वरून आम्ही ओढत नव्हतो तेव्हा. गुंडाळत वर घेतली तर दगड नाही. टोकाला बैलाच्या मानेत बसेल एवढा फास, आणि त्यावर गाठ. दोन वेढे, टोक आत खोचलेलं, आणि सगळं उलट्या बाजूनं.

दिगंबररावांनी गाठ हातात घेऊन निरखली. "दादांची गाठ हाय," म्हणाले. वडील डावखुरे होते. त्यांनी बांधलेलं जनावर दुसऱ्या कुणाला सुटायचं नाही, त्यांनाच हाक मारावी लागायची.

"अहो, दगड निसटला असेल, दोरी गुंतली असेल," मी म्हणालो.

"असंल," ते म्हणाले. आम्ही होडी काठाला लावली. मी पक्कड लावून गाठ सोडवायला गेलो, ती हलली नाही. मला त्या वेळी भीती वाटली, हे कबूल करतो.

मी म्हणत होतो, मायला दाखवू नका. पण ते ऐकेनात. हाच पुरावा, वडील तिथंच बुडाले हे आता माय मान्य करील, असं त्यांना वाटत होतं. माय अंगणात तूर निवडत होती. तिनं दोरी मांडीवर घेतली, गाठीवरून बोटं फिरवली आणि एका झटक्यात सोडवली. डोळ्यांत पाणीबिणी काही नाही.

"गाठ मारायलेत म्हंजी हात हायेत की अजून," ती म्हणाली आणि सूप पुढं ओढलं.

दिगंबरराव उंबऱ्यावर डोकं धरून बसून राहिले. पुन्हा ते कधी गळ टाकायला आले नाहीत. मलाही एकट्याला जावंसं वाटलं नाही. मी घरी तसलीच दोरी घेऊन किती वेळा बसलो, बादलीत सोडून बघितली, डाव्या हातानं करून बघितली. ती गाठ मला जमलीच नाही, आणि आपोआप तर ती पडणं शक्यच नाही. मग कशी पडली? मला आजही माहीत नाही.

तीन-चार वर्षांनी माय गेली, दुपारची. मी पोचलो तेव्हा बायका दारात खोळंबल्या होत्या. हिरवं नेसवून ओटी भरायची, का पांढरं घालायचं? भावकीतले म्हणत होते, पांढरं. दिगंबररावांनी माझ्याकडे बघितलं. "सर, तुमी होता तिथं. तुमीच सांगा."

सगळी आळी माझ्या तोंडाकडे बघत होती. त्यात माझे विद्यार्थीही होते. "हिरवं नेसवा," मी म्हणालो. खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही.