मिनिटकाकांचे शेरे

आमच्या कोर्टात समन्स घरोघरी पोचवणारे सहा बेलिफ होते. त्यांतल्या वडीलधाऱ्याला आम्ही मिनिटकाका म्हणायचो. बाकीचे समन्सच्या पाठीमागे 'इसम घरी मिळाला नाही' असा शेरा मारून मोकळे व्हायचे. काका लिहायचे, 'अकरा वाजून सतरा मिनिटांनी दार ठोठावले. आत मिक्सर चालू होता. दार उघडले नाही.' ते शेरे फायलीला लावायचं काम माझं. कित्येकदा वैताग यायचा.

काकूंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पदरी मूलबाळ नाही, नेणारे-आणणारे काकाच. दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर होता म्हणून निभत होतं. बदली झाली तर सगळं कोलमडणार, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं, आणि काकांना नमवायला निघालेल्यांनाही.

तेव्हा एका मंत्र्यावर जमीन लाटल्याचा खटला होता. रोज पेपरात त्याचा फोटो, आणि सहा महिने समन्स परत येत होतं, 'घरी मिळाले नाहीत.' शेवटी ते काकांकडे आलं. त्यांनी लिहिलं, 'एक वाजून पाच मिनिटे. मंत्री व्हरांड्यात पेपर वाचत होते. समन्स घेण्यास नकार दिला. दाराला चिकटवले.' गावभर बोलबाला झाला. लोक हात धरधरून चहा पाजायचे, काका अवघडून जायचे.

मग निवडणुकीत मंत्र्याचा पक्ष आपटला. नव्या सरकारने दुसरा खटला भरला आणि आता सगळ्यांना भलतीच घाई सुटली. समन्स नाकारलं म्हटलं की अटकेचं वॉरंट निघणार होतं. नव्या पक्षाचा एक कार्यकर्ता आमच्या हेडक्लार्कच्या खुर्चीत बसून काकांना म्हणाला, "नकार दिला एवढंच लिहा हो. खोटं काय त्यात? मागे दिलाच होता की."

"मागचा नकार मागच्या कागदावर लिहिलाय," काका म्हणाले.

काका समन्स घेऊन गेले, तर मंत्र्याच्या बंगल्याला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, बहीण वारली म्हणून परगावी गेलेत. काकांनी तसंच लिहिलं, मिनिटांसकट. वॉरंट निघालं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, 'बेलिफ विकला गेला?' चहा पाजणारे तोंड फिरवून जायला लागले.

मीही चिडलो होतो. म्हटलं, "काका, तो मंत्री इतका बिलंदर माणूस! एकदा शेरा थोडा वाकवला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"चोर असेल तो. पण त्या दिवशी घरी नव्हता."

चौथ्या दिवशी बदलीचा हुकूम आला, दोनशे किलोमीटर लांब. काका तो हुकूम हातात धरून जेवणाच्या सुट्टीभर बसून राहिले, डबा उघडला नाही. मला रडू येत होतं आणि करता काहीच येत नव्हतं.

आठवड्याने हुकूम रद्द झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याच दुपारी माजी मंत्र्याचा सेक्रेटरी ऑफिसात आला आणि सगळ्यांदेखत काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "साहेबांचं वर अजून ऐकतात. आपल्या माणसाला सांभाळायलाच हवं, नाही का?"

काकांचा चेहरा उतरला. तो गेल्यावर त्यांनी कागद ओढला, 'माझी बदली कायम ठेवावी' असा अर्ज लिहिला आणि माझ्यापुढे ठेवला. "आवकचा शिक्का मार."

मी शिक्का उचलला. ते बघत होते.

"थांब," ते म्हणाले. "उद्या तिचं डायलिसिस आहे."

अर्ज त्यांनी स्वतःच फाडला. त्या मंत्र्याचं समन्स पुढे चार वेळा निघालं. दर वेळी हेडक्लार्क ते काकांपुढे धरायचे आणि काका हात मागे घ्यायचे.

"दुसऱ्या कुणाला द्या," म्हणायचे. "मी आता त्यांचा माणूस आहे."