चतुराबाईनं उघडलेले चाकू

दोन हजार तेराच्या दुष्काळात कडा गावाच्या अलीकडं माळावर जनावरांची छावणी पडली होती. तिथं चतुराबाई दोन गायी घेऊन पालाखाली राहत होती. नवरा बंकट गावात, अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी. चारा म्हणून बहुतेक ऊसच यायचा, सुतळीनं आवळलेल्या मोळ्यांत.

गावच्या दूध संस्थेला त्याच साली पंचवीस वर्षं झाली. दुष्काळामुळं समारंभ झाला नाही, पण सभासदांसाठी मागवलेले घडीचे चाकू आले. छावणीत ते वाटताना संस्थेचे सचिव त्रिंबकआप्पा म्हणाले होते, "वर्षाची ग्यारंटी हाय बरं का." त्यापुढं कुणी काही विचारलं नाही.

सुतळी तोडायला, उसाच्या शेंड्याची वाढं सोलायला चाकू कामी आले. पण महिन्याभरात बसले. उसाचा चिकट रस मुठीत जायचा, त्यावर फुफाटा बसायचा आणि पातं हलेनासं व्हायचं. एका दुपारी चतुराबाईनं टँकरवाल्याकडून पेचकस मागून आणला. स्क्रू काढले, सगळे भाग रॉकेलात धुतले, पुसून पुन्हा जोडले. पातं खटकन उघडलं.

"आगं, माझाबी कर की," शेजारच्या पालातली दगडाबाई म्हणाली. मग सुग्रीवनं आणला, मग एकेक करून सगळ्यांनीच. चतुराबाई उन्हात बसून धूत राहिली. पाणी, शेण, चारा, पुन्हा पाणी. छावणीतलं कुठलंच काम संपत नसे. हे तेवढं संपायचं, म्हणून तिला बरं वाटायचं.

पुढं एके सकाळी मोळी सोडताना दगडाबाईचा चाकू हातातच मिटला. अंगठा हाडापर्यंत कापला, टाके पडले. मग बाकीचेही सांगू लागले, खटका धरत नाही, पातं आपोआप मिटतंय. त्रिंबकआप्पांनी कंपनीचा माणूस बोलावला. तो नगरहून मोटरसायकलवर आला आणि लिंबाखाली बसून एकेक चाकू बघत गेला.

"हे उघडलेत कोणी?"

चतुराबाईच म्हणाली, "म्या."

"मग ग्यारंटी गेली, मावशी. स्क्रूवर लाल ठिपका असतो. तो तुटला की कंपनी बदलून देत नाही."

"उघडतच नव्हता वो. काय करायचं व्हतं?"

"तसाच पाठवायचा. नवा मिळाला असता."

"कवा?"

"महिना-दीड महिना लागतो."

त्रिंबकआप्पांनी स्वतःचा चाकू पुढं केला. तो कपाटात पडून होता, त्याला ना रस लागला होता ना पेचकस. त्या माणसानं पातं उघडून जरा दाबलं, तर ते मिटलं. "स्प्रिंगच कच्ची आहे. दोष आमचा," तो सरळ म्हणाला आणि पिशवीतून नवा चाकू काढून दिला. दोष सगळ्यांच्याच चाकूत तोच होता. लाल ठिपका मात्र एकाच चाकूवर शाबूत होता.

"हिनं काहून हात लावला मग?" सुग्रीव मोठ्यानं म्हणाला. दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

त्रिंबकआप्पा ओशाळले. नवा चाकू त्यांनी चतुराबाईपुढं धरला.

"नगं आप्पा. घेतला तर समद्यांची तोंडं कुठवर बघू?"

ती पालात जाऊन बसली. रडू आलं नाही. नुसतं उठू नये असं वाटलं. पण गायी हंबरल्या आणि उठावं लागलं.

चारदोन दिवस कुणी तिच्याशी बोललं नाही. मग पाण्याचा टँकर येईना झाला आणि ज्याला त्याला आपल्या जनावरांची पडली. दगडाबाईला एका हातानं मोळी सुटत नव्हती. चतुराबाई विळा घेऊन गेली, न विचारता सुतळी कापली आणि उसाची कांडकी करू लागली.

"रागावलीस व्हय गं?" तिनं खाली बघूनच विचारलं.

"रागावले व्हते," दगडाबाई म्हणाली. "आता तेवढा जीव न्हाई अंगात. तुझ्यामुळं न्हाई झालं, कळतं मला. पर ठणकतंय लई. कुणाला तरी बोलावं वाटतं."

"बोल की मंग मला."

दगडाबाई डाव्या हातानं कांडकी ओढून म्हशीपुढं सारत राहिली.