मुक्कामी गाडीतला रेडिओ

एसटी ड्रायव्हर हरिदास दुर्गे यांची मुक्कामी गाडी कोत्तूरला पोचायची तेव्हा गोदावरीच्या पाण्यावर थोडा उजेड शिल्लक असायचा. सिरोंचाच्याही पुढे, डांबरी रस्ता संपतो तिथलं हे शेवटचं गाव. नदीच्या पल्याड तेलंगणाचे दिवे दिसतात. उतारू पांगले की कंडक्टर लच्छू हातपाय धुवायला नदीवर जायचा आणि हरिदास सीटमागच्या पेटीतून तांब्याच्या तारेचं भेंडोळं काढायचे. तारेच्या टोकाला दगड बांधून तो चिंचेच्या फांदीवरून पलीकडे भिरकावायचे, दुसरं टोक खिडकीतून आत घेऊन रेडिओला जोडायचे. मग रेडिओ मांडीवर घ्यायचा आणि चकती केसभर केसभर फिरवत, जगात कुठे कोण बोलतंय ते शोधत बसायचं.

हा नाद त्यांना कोत्तूरनंच लावला. त्यांचं बालपण घुग्घुसचं. तिथे खाणीच्या मोटारी नि विजेच्या तारांनी रेडिओत नुसती घरघर. इथे मात्र ना मोटार, ना कारखाना. समोर रुंद नदी आणि वर मोकळं आभाळ. पहिल्याच मुक्कामाला नागपूरच्या बातम्या शोधता शोधता चकती भलतीकडे गेली आणि एक बाई कुठल्याशा अनोळखी भाषेत अगदी शेजारी बसल्यासारखी बोलू लागली. ती रोमानियातून बोलत होती, हे त्यांना पुष्कळ दिवसांनी कळलं. त्यांनी मुलीकडून, हर्षाकडून, इंग्रजीत पत्र लिहवून घेतलं: तुमचा आवाज आमच्या नदीकाठी असा असा ऐकू आला. तिकडून किल्ल्याचं चित्र असलेलं कार्ड आलं. बायकोनं, मीरानं, ते काचेच्या कपाटात बुद्धमूर्तीशेजारी उभं केलं. तेव्हापासून बरीच कार्डं जमली. गाणी ऐकायची तर मोबाईल होताच. हरिदासना गाणी नकोच होती. इतक्या लांबून निघालेला आवाज वाटेत न हरवता आपल्यापर्यंत आला, एवढ्यावरच ते खूश असायचे.

एकदा गस्तीवरच्या जवानांनी झाडावरची तार पाहिली आणि गाडीला वेढा घातला. हरिदासांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी रेडिओचा आवाज मोठा केला. चीनमधली एक बाई हिंदीत टमाट्याची भाजी कशी करायची ते सांगत होती. जवान हसले, पण पेटी उघडून सगळं तपासूनच गेले. त्यानंतर तार टाकण्याआधी हरिदास पोलीस चौकीवर जाऊन सांगून यायचे.

त्यांचं सगळ्यात लाडकं स्टेशन न्यूझीलंडचं. समुद्रापलीकडून येणारं, आज येईल तर उद्या नाही. कार्यक्रमाआधी एका रानपाखराची शीळ लागायची, बारीक, काचेवर चमचा वाजावा तशी. ती ऐकू आली की हरिदास लच्छूला हाक मारायचे, "आलं बघ पाखरू!"

यंदा मोहाच्या दिवसांत ते पाखरू आलं नाही. एक मुक्काम गेला, दुसरा गेला. माणसाचा जाडा आवाज यायचा, शीळ नाही. हरिदास तार बदलून पाहत, फांदी बदलून पाहत. तिसऱ्या खेपेला ते असेच कपाळाला आठ्या घालून बसले होते. मागच्या सीटवर लच्छू भाकरी खात होता. तो म्हणाला, "भाऊ, आज तुमचं पाखरू गजब साफ बोलून राह्यलं."

हरिदासांचा हात चकतीवरच थांबला.

"हो," ते म्हणाले. "साफ हाय आज."

मग त्यांनी सहज म्हणून विचारलं, "लच्छू, यंदा हे किर्र करणारे किडे कमी झाले काय रे?"

"कमी?" लच्छू हसला. "डोकं उठवून राह्यले, भाऊ. रोजच्यापेक्षा जास्तच हायेत."

हरिदासांना एकही किडा ऐकू येत नव्हता. नदीकाठ त्यांच्यापुरता शांत झाला होता, आणि तो कधीपासून शांत आहे हेही त्यांना आठवेना.

त्या दिवसापासून ते सतत कानांची परीक्षा घेऊ लागले. ते कानाशी बोटं चोळून पाहत. घरी मीरा पाठमोरी असली की ती काय बोलते ते कळायचं नाही, मग ते "हूं" म्हणत. टीव्हीचा आवाज वाढवला की ती ओरडायची, "शेजारी काय म्हणतीन? बहिरे झाले काय तुमी?" ती गमतीनं बोलायची, पण हरिदास उठून अंगणात जाऊन बसायचे.

डॉक्टरकडे जावं, असं मनात यायचं. पण डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं तर स्टिअरिंग सुटणार. आयुष्यभर एवढंच काम केलं. आणि दुसरीकडून मनच बजावायचं, अरे, तुझ्या मागं पन्नास माणसं बसतात! मग ते स्वतःची समजूत घालायचे: घंटी तर येते ना ऐकू? हॉर्न येतो ना? पाखराची शीळ न आल्यानं कुणाचं काय बिघडतं?

रेडिओ त्यांनी सोडला नाही, उलट लच्छूला शेजारी बसवू लागले. "तुले पण शिकवतो," म्हणाले. लच्छू ऐकायचा, सांगायचा: इथी बाई बोलून राह्यली, इथी नुसती शिट्टी हाय. हरिदास मान डोलवायचे. लच्छूला वाटायचं आपण शिकतोय. आपण त्याचे कान उसने घेतोय, ही टोचणी हरिदासांना एकट्यालाच होती.

मग तो दिवस उजाडला.

दुपारची फेरी, गाडी भरलेली. जंगलातल्या एका फाट्यावर चार-पाच जण उतरले. हरिदासांनी आरशात पाहिलं, दार मोकळं दिसलं, गाडी हलवली. तेवढ्यात खाली उतरलेली मंगली नावाची म्हातारी मोहाचं गाठोडं आत राहिलं म्हणून मागे वळली आणि दांडीला धरून तिनं पायरीवर पाय ठेवला. लच्छूनं दोरी ओढली. एक घंटी, म्हणजे थांबा. गाडी थांबली नाही. त्यानं पुन्हा ओढली. गाडीनं वेग घेतला. लोक ओरडले, कुणीतरी पत्र्यावर दणादण हात मारले, ते दणके हरिदासांना सीटमधून पाठीला जाणवले, आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला.

ते धावत मागे गेले. मंगली धुळीत बसली होती. गुडघे सोलले होते, हाताला खरचटलं होतं. दांडी वेळेवर सुटली म्हणून ती चाकाकडे ओढली गेली नव्हती.

"बाई, जास्त लागलं काय?" हरिदासांचा आवाज कापत होता.

"माझं गाठोडं दे आधी," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "तू काऊन थरथरून राह्यला? मी पडली, तू नाई."

त्यांनी आपल्या बाटलीतल्या पाण्यानं तिचे गुडघे धुतले. दवाखान्यात चला म्हटलं तर ती ऐकेना. तिचा मुलगा फाट्यावर आला होता, तो तिला घेऊन गेला. गाडी पुढे निघाली. आत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. हरिदासांना वाटलं सगळे आपल्याबद्दलच कुजबुजत असणार, आणि ती कुजबुज आपल्याला ऐकू येणार नाही.

कोत्तूरला उतारू गेल्यावर लच्छू म्हणाला, "घंटीतच काही बिघाड असन, भाऊ. दोरी घासली असन. उद्या डेपोत मेकॅनिकले सांगू."

त्यानं आयतीच पळवाट दिली होती. हरिदास म्हणाले, "असन."

त्या संध्याकाळी तार झाडावर गेली नाही. हरिदास ड्रायव्हर सीटवरच बसून राहिले, समोरच्या काचेतून नदीकडे पाहत. बराच वेळ गेला. मग खांद्यावर हात पडला आणि ते दचकले. लच्छू मागे उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"भाऊ," तो म्हणाला, "मी मघापासून मागून घंटी वाजवून राह्यलो. कितीक वेळा वाजवली. घंटी चांगली हाय."

हरिदासांनी स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले.

"कधीपासून?"

"पाखरू बंद झालं तवापासून माहीत हाय. त्याच्या आधीचं मले माहीत नाई." मग ते भडाभडा बोलत सुटले. किडे, टीव्ही, आरशात पाहून गाडी हलवणं. "मी घंटीवर गाडी चालवतच नव्हतो रे. अंदाजानं चालवून राह्यलो होतो. ती म्हातारी आज चाकाखाली गेली असती, लच्छू."

लच्छू शेजारच्या बोनेटवर बसला. तो रागावेल असं हरिदासांना वाटलं होतं; पण तो घाबरला होता. "आता सकाळची गाडी?"

हाच खरा पेच होता. हरिदासांनी टेकाडावर चढून, रेंज मिळवून डेपोत फोन केला, खरं ते सांगितलं. दुसरा ड्रायव्हर सिरोंचापर्यंत येईल, कोत्तूरपर्यंत नाही, असं उत्तर आलं. गावातून बाहेर जायला ती एकच गाडी. आणि गावातला धनराज आत्राम येऊन सांगून गेला होता की त्याच्या बायकोला, दीपिकाला, सकाळी सिरोंचाला न्यायचं आहे. तिला आठवा महिना, पाय सुजलेत, नर्सबाईनं सकाळच्याच गाडीनं जायला सांगितलंय.

"थांबलो तर तिचा जीव टांगणीले," हरिदास म्हणाले, "निघालो तर सगळ्यांचाच."

लच्छूनं थोडा विचार केला. "मी तुमच्या बाजूले उभा राह्यतो. घंटीबिंटी नाई. थांबायचं तर खांद्यावर एक थाप, निघायचं तर दोन. मागून काही आलं तर मी सांगीन. आणि बैलगाडीसारखं चालवा."

सकाळी लच्छूनं सगळ्यांना आधीच तिकिटं दिली आणि स्पष्ट सांगून टाकलं, "भाऊच्या कानाले त्रास हाय. गाडी हळू जाईन. ज्याले उतरायचं त्यानं मले सांगावं." दोघं-तिघं कुरकुरले. एक जण उतरूनही गेला. दीपिका मात्र दाराजवळच्या सीटवर नवऱ्याच्या खांद्याला टेकून बसली, तिच्यात कुरकुरायचंही त्राण नव्हतं.

हरिदासांनी आयुष्यात इतक्या भीतीनं गाडी चालवली नव्हती. शिकाऊ असतानाही नाही. एरवी हा रस्ता हातापायांना पाठ होता. आज प्रत्येक वळणावर पलीकडून काहीतरी हॉर्न देत येत असेल आणि आपल्याला ते कळणार नाही, असं वाटत होतं. ते वळणाआधी गाडी जवळजवळ उभी करत. लच्छू कधी समोर, कधी मागे पाहत होता आणि त्याचा हात खांद्यावर होता. एका अरुंद पुलाच्या तोंडाशी त्यानं एकदम जोरात थाप मारली. हरिदासांनी ब्रेक लावला. मागून वाळूचा ट्रक हॉर्न देत अंगावरून गेल्यासारखा निघून गेला. तो हॉर्न त्यांना ऐकू आला, पण ट्रक काचेपाशी आल्यावर.

लच्छूनं दोनदा थोपटलं. गाडी पुढे निघाली.

सिरोंचाला दवाखान्याच्या दारातच त्यांनी गाडी नेली. दीपिकाला उतरवून आत नेलं. मग स्टँडवर नव्या ड्रायव्हरच्या हातात किल्ली दिली आणि हरिदास मागे जाऊन उतारूंच्या सीटवर बसले. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. खिडकीबाहेर पाहताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी रुमालानं पुसलं. दीपिकाला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे लच्छूनं पुढं महिन्याभरानं कळवलं.

चंद्रपूरच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं की बारीक, उंच आवाज दोन्ही कानांतून गेलेत, उजव्यातून जास्त. जाडे आवाज अजून येतात. गेलेलं परत येणार नाही, पण मशीन लावलं तर बोलणं समजेल. मीरा सोबत होती. बाहेर येऊन ती आधी चिडली. "मी गमतीनं बहिरे म्हणत होती आन् तुमी मले खरं सांगितलं नाई!" मग स्टँडवर बसल्यावर तिनं त्यांच्या डाव्या कानाजवळ तोंड नेऊन विचारलं, "मंगलीबाईच्या घरी जाऊन आले काय?" त्यांनी नाही म्हटलं. पुढच्याच आठवड्यात दोघं साडी-चोळी घेऊन त्या फाट्यावर गेले. मंगलीनं साडी ठेवून घेतली, चहा पाजला आणि गुडघ्यांबद्दल काही बोलली नाही. तिच्या मुलाचा राग मात्र गेला नव्हता; तो बाहेरच उभा राहिला. हरिदासांनी त्याच्यासमोर हात जोडले.

डेपोत आता ते टायरच्या खोलीत काम करतात. पगार थोडा कमी झाला, गणवेश तोच. कोत्तूरची गाडी निघताना दिसली की ते काम सोडून दारात येतात आणि नव्या ड्रायव्हरला सांगतात, पुलावर सांभाळून. तो "हो हो" म्हणतो. गाडी पोचल्याचा लच्छूचा फोन येईपर्यंत त्यांना जेवण जात नाही.

रेडिओ महिनाभर पेटीतच राहिला. कानातलं मशीन लावून ऐकलं तर खरखरच मोठी होते, काढलं तर आवाज मऊ, अर्धा येतो. घराभोवती तर दिव्यांची नि चार्जरची इतकी भुणभुण की काहीच लागत नाही. शेवटी मीराच म्हणाली, "नदीवर जाऊ. पण एकटं नाई जायचं." आता रविवारी सूर्य कलला की ती मोटारसायकलवर मागे बसते आणि ट्रक दिसला की ओरडते. वर्धा नदीच्या काठी चटई अंथरतात, बाभळीवर तार टाकतात.

परवा एक अगदी जाडा, संथ पुरुषी आवाज लागला. हरिदासांनी मशीन काढून कान रेडिओला चिकटवला. भाषा अजिबात ओळखीची नव्हती.

"कोण हाय हा?" मीरानं विचारलं.

"माहीत नाई. आधी कधीच ऐकला नाई. स्टेशनचं नाव सांगीन आता, थांब."

दोघं वाकून बसून राहिले. तो माणूस बोलत होता, मधेच विरत होता, पुन्हा येत होता. हरिदासांना प्रश्न पडला: हा विरतोय तो तिकडेच, की माझ्या कानात? त्यांनी मीराच्या तोंडाकडे पाहिलं.

"मले पण कमीच ऐकू येऊन राह्यलं," ती म्हणाली.

नाव सांगायच्या आधीच स्टेशन खरखरीत बुडालं. हरिदासांनी चकती पुढच्या रविवारसाठी तिथेच राहू दिली. अंधार पडायच्या आत रस्ता गाठायचा होता म्हणून मीरा चटई झटकू लागली.