पद्मिनीबाईंचं बँकॉक

बँकॉक नकाशात दाखवा म्हटलं असतं तर पद्मिनीबाई निसळांचं बोट निदान तीन देश चुकलं असतं, पण तिथल्या विमानतळापासून लेकीच्या घरापर्यंतचा रस्ता त्यांना तोंडपाठ होता. बाहेर आलं की टॅक्सीवाले अंगावर येतील, त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. जावईबापू काचेच्या दारापाशी उभे असतील. मग मोटारीतून दीड तास, कारण त्या शहरात गाड्यांची अशी कोंडी होते की लोक डबा उघडून जेवून घेतात. घर चौथ्या मजल्यावर. खाली कालवा, कालव्यात होड्या, होड्यांत बसून बायका भाजी विकतात. हे सगळं उल्कानं पत्रांतून लिहिलेलं आणि बाईंनी शंभर पानी वहीत उतरवून काढलेलं. चंदीगडला सहा वर्षं राहून सेक्टर सतराच्या बसस्टँडवर ज्या अजून गोंधळायच्या, त्या बाई एकट्या बँकॉकला निघाल्या होत्या!

निघाल्या होत्या म्हणजे वहीत. पासपोर्टचा पत्ता नव्हता.

आता कुणाला वाटेल, बाईंना परदेशाची हौस आली. कसली हौस घेऊन बसलात! एकोणनव्वद सालचा ऑगस्ट सरत आला होता आणि उल्काला आठवा लागला होता. आदल्या वर्षी तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा पोरीजवळ घरचं म्हणून एक माणूस नव्हतं. तार इथे पोचेपर्यंत तिकडे सगळं आटोपलं होतं. नंतरच्या पत्रात तिनं 'आई, तू असतीस तर' एवढंच लिहिलं आणि पुढची ओळ सोडून दिली. ते पत्र बाईंनी वहीत ठेवलं नाही. ते देवाच्या फळीवर ठेवलं.

एरवी लेक बाळंतपणाला माहेरी येते. पण हे माहेर चंदीगडला. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही, चौकाचौकात नाकाबंदी, सकाळी पेपर उघडला की पंजाबात काल कुठे किती माणसं गेली त्याचा आकडा. अशा ठिकाणी गरोदर पोरीला बोलवायची कुणी? त्यात डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलेलं. तेव्हा आईनंच जायचं, हे ठरलं. बाईंनी मनीमाजऱ्याच्या बाजारातून डिंक आणि अळीव आणले, जुन्या नऊवारीची दुपटी शिवली, दोन कुंच्या केल्या.

त्यांचे यजमान दिगंबरराव केंद्र सरकारच्या मोजणी खात्यात होते. सज्जन माणूस, पण 'बघू' या शब्दावर तीस वर्षं नोकरी काढलेला. पासपोर्टचा अर्ज त्यांनी एप्रिलपासून बघू बघू करत शेवटी मे महिन्यात भरला. अर्जात शेजारपाजारच्या ओळखीच्या दोन माणसांची नावं लिहायची होती. आता गल्लीत डावी-उजवीकडे माणसं राहत नव्हती का? पण नाही! आपल्याला ओळखणारं माणूस म्हणजे आपलं मराठी माणूस. दिगंबररावांनी महाराष्ट्र मंडळातल्या गणपतीच्या वर्गणीदारांतून दोन नावं काढली, राजाभाऊ सबनीस आणि विश्वनाथ घारपुरे. दोघे पलीकडच्याच क्वार्टरांत राहायचे.

आणि ऑगस्टच्या शेवटी पासपोर्टच्या चौकशीला हवालदार सायकल टेकवून दारात उभा राहिला तेव्हा राजाभाऊ नागपूरला पोचलेले आणि विश्वनाथ पुण्याला. चंदीगडमधून बाहेर पडायला त्या वर्षी ज्याला त्याला बदली हवी होती, आणि ज्याचा वशिला लागला तो गेला. निसळांचा वशिला लागला नव्हता, म्हणून निसळ राहिले होते.

"माताजी, ये तो दोनों निकल लिए," हवालदार कागद हलवत म्हणाला. "कोई और बताओ. पाँच साल पुराना पड़ोसी चाहिए."

बाईंनी आठवून पाहिलं. अकरा नंबर रिकामा, बारामध्ये दोन महिन्यांपूर्वी आलेले तामिळ जोडपं, तेरामध्ये वर्षभराचे कुणी बिहारी साहेब.

"चौदह नंबर वाली सरदारनी तो है," हवालदारच म्हणाला. "बारह साल से बैठी है. उससे लिखवा लो. गुरुवार को आऊँगा. नहीं मिला तो काग़ज़ वापस."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कागद वापस म्हणजे नवा अर्ज, नवे तीन महिने, आणि उल्काला उरलेले दोन.

चौदा नंबरचं सांगायलाच हवं. तिथे महिंदर कौर राहायची, तिचा नवरा टपाल खात्यात. निसळ नवे आले तेव्हा पहिल्या थंडीत रजई कशी भरून घ्यायची इथपासून सगळं तिनं शिकवलेलं. तिच्या कढीचं पातेलं भिंतीवरून इकडे, बाईंची साबुदाण्याची खिचडी तिकडे. तिचा मोठा मुलगा तेजिंदर तेव्हा सोळा वर्षांचा. रविवारचा सिनेमा बघायला निसळांकडे सतरंजीवर पसरायचा आणि "आंटी, थोड़ी और" म्हणत खिचडीचा तळ खरवडायचा.

मग मागच्या वर्षीच्या जानेवारीत एका सकाळी पोलिसांची जीप गल्लीत आली. तेजिंदरच्या कॉलेजातला कुणी पोरगा पळाला होता, म्हणून याला घेऊन चालले होते. महिंदर कौर अनवाणी धावत निसळांच्या दारात आली. "भैणजी, इन्हें बताओ, तुम जानती हो मेरे मुंडे को, बच्चा था तब से जानती हो." इन्स्पेक्टरही वळून बघायला लागला. दिगंबरराव आतून खुणा करत होते, नको, नको. आणि पद्मिनीबाईंनी पदर सावरत सांगितलं, "हम तो ट्रान्सफरवाले हैं जी. हमको कुछ मालूम नहीं."

बस्स. एवढंच बोलल्या. पोरगा एकोणीस दिवसांनी सुटून आला, त्याच्यावर काही निघालं नाही, पण तो आल्यावर बोलेनासा झाला आणि पुढच्या थंडीआधीच कुठेतरी निघून गेला. कुठे, ते विचारायला बाईंना तोंड नव्हतं. तेव्हापासून दोन घरांत पातेलं तर सोडाच, नजरसुद्धा गेली नव्हती.

"त्या घरात जायचं नाही," दिगंबरराव म्हणाले. "त्यांचं नाव आधीच ठाण्यात. आपली फाईल कशाला त्यांच्या फाईलला चिकटवायची? बघू, दुसरं काही..."

"काय बघू?" बाई कडाडल्या. "तुमच्या बघूबघूत माझी पोर एकटी मरायची! तेव्हा तुम्ही आतून हात हलवले आणि मी अक्कल गहाण टाकून तसं बोलले. आता हात हलवलेत तर याद राखा."

बोलून तर गेल्या, पण अंगणाच्या फाटकाशी जाऊन तीनदा परतल्या. बुधवारी दुपारी शेवटी गेल्या. हातात काही घेतलं नाही. खिचडी न्यायची म्हणजे लाज विकणंच झालं असतं.

महिंदर कौर अंगणात खाटेवर बसून राजमा निवडत होती. पूर्वी धिप्पाड बाई, आता हाडं दिसत होती. तिनं बाईंकडे पाहिलं, खाटेवरचं सूप उचलून जागा केली आणि पुन्हा निवडायला लागली. पद्मिनीबाई बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगून टाकलं, उल्का, पहिलं मूल, पलंग, हवालदार, गुरुवार. हिंदी संपली तेव्हा मराठीत सांगितलं. शेवटी हात जोडले. "मी चुकले, महिंदरजी. बहुत बड़ी गलती हो गई. मुझे माफ मत करो, पण माझ्या पोरीसाठी एवढं करा. पाया पडते."

राजम्याचा एक एक दाणा बाजूला होत राहिला. मग महिंदर कौरनं विचारलं, "उल्का कित्थे है? कौन सा शहर?"

"बँकॉक."

सूप तिच्या मांडीवरून खाली सरकलं. ती उठली आणि आत गेली. बाईंना वाटलं, झालं, आता दार लागणार. त्या वळल्यासुद्धा. तेवढ्यात महिंदर कौर बाहेर आली. तिच्या हातात एक फोटो होता. भर गर्दीच्या रस्त्यावर उभा असलेला एक मुलगा, दाढी नाही, पगडी नाही, बारीक कापलेले केस. पद्मिनीबाईंनी त्याला ओळखलं ते फक्त डोळ्यांवरून.

"एजंट ने कहा था, बँकॉक तक पहुँचा देंगे, आगे जर्मनी," ती म्हणाली. "पासपोर्ट भी वही ले गया. वहाँ गुरुद्वारे में रोटी खाता था, यही लिखा था. फरवरी की चिट्ठी है. फिर कुछ नहीं आया. छह महीने हो गए, भैणजी. मैं किससे पूछूँ? पुलिस से?"

पद्मिनीबाईंना रडू फुटलं, आणि रडायचा हक्कही आपल्याला नाही असं वाटून त्यांनी तोंडात पदर कोंबला. मी जाते, मी शोधते, मी त्या गुरुद्वाऱ्यात रोज जाईन, त्या म्हणत राहिल्या. महिंदर कौरनं फोटो त्यांच्या हातात दिला. सहीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

गुरुवारी हवालदार आला तेव्हा ती आपणहून बाहेर आली आणि त्याच्या कागदावर गुरुमुखीत सही केली. हवालदारानं विचारलं, कसे आहेत हे लोक? "चंगे लोक ने," ती म्हणाली आणि घरात निघून गेली.

पासपोर्ट सप्टेंबरच्या मध्यावर आला. मग दिल्लीच्या वकिलातीत व्हिसा, मग तिकीट. दोन ऑक्टोबर, सोमवार. बाईंच्या वहीत आता दर दिवसाचा बेत आखलेला होता. सकाळी उल्काचं तेल, शेक, डिंकाचा लाडू. दुपारी ती झोपली की आपण मोकळ्या.

आणि निघायला सहा दिवस असताना तार आली. मुलगी झाली, दिवस भरायच्या आधी महिनाभर, पण दोघी सुखरूप. दिगंबररावांनी तार तीनदा मोठ्यानं वाचली आणि लहान मुलासारखे नाचायचेच बाकी राहिले. पद्मिनीबाई देवापुढे बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. दीड वर्ष छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं होतं.

संध्याकाळी दिगंबररावांच्या ऑफिसात जावयांचा, नंदकुमारांचा, ट्रंककॉलही आला. नंदकुमारांची आई पुण्याहून पोचली होती. त्यांच्याकडे पासपोर्ट होताच. आता आईंनी उगाच दगदग करू नये, डिसेंबरात आम्हीच तुमच्या नाशकाच्या घरी येतो, तिथेच बारसं करू, असा निरोप होता.

"सुटलो बाई!" दिगंबरराव म्हणाले. "मला तर रोज धास्ती, एकटी बाई, परका मुलूख. उद्या तिकीट रद्द करून येतो. आणि तो फोटो देऊन टाक त्यांचा त्यांना. कस्टमवाल्यांनी बघितला असता तर काय उत्तर दिलं असतंस?"

खरं सांगायचं तर बाईंनाही क्षणभर सुटल्यासारखं झालं. विमान नको, कोंडी नको, परक्या भाषेत हातवारे नकोत. आणि लाखो माणसांच्या त्या शहरात एक तोंड कुठे सापडणार, तेही सात महिन्यांपूर्वीचं? न गेलं म्हणून कोण काय म्हणणार होतं? नात डिसेंबरात भेटणारच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो पाकिटात घालून त्या चौदा नंबरला गेल्या. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं. उल्का बाळंत झाली, देवाच्या दयेनं सगळं नीट झालं, त्यामुळे आता जाणं...

महिंदर कौर स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. समोर पितळी परात, परातीत पिन्न्या वळलेल्या, तुपात भाजलेल्या कणकेच्या, वर बदामाचे काप. एका पत्र्याच्या डब्यात तळाशी कागद घालून ती एकेक ठेवत होती. शेजारी घडी केलेला निळा स्वेटर. बँकॉकला स्वेटर!

"वहाँ गरमी है, पता है मुझे," बाईंची नजर बघून ती म्हणाली. "पर आगे जर्मनी जाएगा न. भैणजी, ज़्यादा वज़न तो नहीं हो जाएगा?"

पाकीट पद्मिनीबाईंच्या पदराखाली होतं. त्या खाली बसल्या. महिंदर कौर त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि हळूहळू तिच्या नजरेत भीती यायला लागली. तिनं विचारलं, "उल्का ठीक है?"

"ठीक है. लड़की हुई."

"वाहेगुरू!" तिनं दोन्ही हात जोडले, आणि तिचा चेहरा खरोखरच उजळला. मग तो तसाच थांबला. बाळंतपण झालं म्हणजे आता आईला जायचं काय कारण, हे तिलाही कळलं असावं. तिनं डब्याचं झाकण हातात घेतलं, पण लावलं नाही. "तो फिर..." ती म्हणाली.

"फिर क्या," पद्मिनीबाई म्हणाल्या. "सोमवार का टिकट है. ज़्यादा वज़न नहीं होगा. और डालो."

घरी आल्या तेव्हा दिगंबरराव तिकीट खिशात घालून, बूट चढवून उभे होते. बाईंनी त्यांच्या खिशातून तिकीट काढून घेतलं.

"ऑफिसातून उल्काला तार करा," त्या म्हणाल्या, "आई सोमवारी येतेय म्हणावं. आणि विचारा, तिच्या घरापासून गुरुद्वाऱ्याला कुठली बस जाते."