काळ्या कॉफीचा रुबाब

चाकणच्या कंपनीत कॉफीचं मशीन बसलं आणि आमच्या घरातला चहा एकदम गावंढळ ठरला. माझा नवरा तिथे फोर्कलिफ्ट चालवतो. तोवर माझ्या हातचा आल्याचा चहा बशीत ओतून फुर्र करत पिणारा हा माणूस एके दिवशी कप बाजूला सारून म्हणाला, "दूध नको घालत जाऊ. साखर पण नको. आमचे साहेब काळी कॉफी घेतात, अंग बघ त्यांचं." साहेब सकाळी पळायला जात असतील, नाहीतर त्यांची बायको बेताचं वाढत असेल, पण श्रेय सगळं कॉफीला. मी ती एकदा चाखली. करपलेलं भांडं विसळावं तसं पाणी.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण ते पाणी याच्या अंगात भिनलं. बसल्या जागी मांडी हलवायचा. छातीत धडधडतंय म्हणायचा, घडोघडी लघवीला उठायचा, घशाशी आंबट यायचं, आणि झोप तर गेलीच. रविवारी मशीन जवळ नसलं की डोकं धरून बसायचा. मग चऱ्होलीत आमच्या शेजारी नवी बिल्डिंग उठतेय तिला शिव्या, माझ्या मिक्सरला शिव्या. "तुमच्या त्या काढ्यावाचून ठणकतंय ते," मी सांगायचे. सोमवारी पहिला कप पोटात गेला की हा कंपनीतून फोन करायचा, "बघ, कॉफीनं डोकं दुखायचं थांबलं." जिच्यामुळे दुखलं, तिचेच आभार मानायचे. यात अक्कल कुठे आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

मग मेडिकल आलं. गाडी चालवणाऱ्यांची दरवर्षी तपासणी होते, प्रेशर, शुगर, डोळे. पास झालात तर गाडीवर, नाहीतर पॅकिंगमध्ये खोकी चिकटवत उभं राहायचं. नवऱ्याचा सगळा जीव त्या गाडीत. बीडहून आला तेव्हा हेल्पर होता. लायसन काढून सीटवर बसला, त्या दिवशी गावाकडे सगळ्यांना फोटो पाठवला होता. त्यामुळे या तपासणीची मलाही धास्तीच असायची.

उपाशीपोटी या, पाण्याशिवाय काही घेऊ नका, असं बजावलं होतं. पण आमच्या लोकांचे उपास कसे असतात? चतुर्थीला चहा चालतो, कॉफी चालते, पोटात अन्न नाही म्हणजे झालं. तर हे सगळे ड्रायव्हर, एकेक घरचा शहाणा, डॉक्टरांची वाट बघत मशीनपाशी उभे राहून काळी कॉफी ढोसत होते. "दूध न्हाई, साखर न्हाई, मंग हाय काय त्यात?" असं तिथल्याच गावच्या एका जुन्या ड्रायव्हरने सगळ्यांना पटवलं म्हणे. रिकाम्या पोटी कपावर कप. प्रेशर मोजलं तर बहुतेकांचं चढलेलं. बऱ्याच जणांना तसंच परत पाठवलं, त्यात हाही. बाहेरच्या डॉक्टरांकडून फिट असल्याचं लिहून आणा, तोवर गाडीला हात लावायचा नाही.

ऐकून मी पोट धरून हसले. मग कारभार हातात घेतला आणि कॉफी बंद केली. पहिले काही दिवस जांभया, चिडचिड, डोक्याला फडकं. हळूहळू डोकं दुखायचं थांबलं, मांडी हलायची थांबली, हा माणूस चक्क घोरायला लागला. त्याच्याबरोबर कप रिचवणारे बाकीचे एव्हाना फिट ठरून आपापल्या गाड्यांवर बसले होते. आता आमचाच नंबर, असं म्हणत मी मुद्दाम दिघीच्या डॉक्टरांकडे सोबत गेले. त्यांना कॉफीची सगळी कहाणी मीठमसाला लावून सांगितली. डॉक्टरबाई हसल्या, दंडाला पट्टा बांधला, आणि हसायच्या थांबल्या. मग दुसऱ्या हाताला बांधला. थोडा वेळ शांत बसवून पुन्हा मोजलं.

"कॉफीनं चढलेलं प्रेशर काही तासांत उतरतं," त्या म्हणाल्या. "हे आधीपासूनचं असणार. इतकी कॉफी सोडलीत ते बरंच केलंत, पण गोळी सुरू करावी लागेल. आत्ता मला फिट लिहून देता येणार नाही."

खाली रस्त्यावर आलो. मला फार भीती वाटत होती. इतके दिवस याची छाती धडधडत होती आणि मी कॉफीची टिंगल करत बसले होते, दवाखान्यात चला असं एकदाही म्हणाले नव्हते.

"आता कुणाला नावं ठेवशील?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता.

त्याने खिशातून फोन काढला, सुपरवायझरला लावला आणि पॅकिंगला कधीपासून येऊ, एवढंच विचारलं.