तारेचं दुसरं टोक

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो. चकवा, पिंपळ, पांढरी साडी… वाचायचं, हसायचं आणि चहा प्यायचा. संगमनेरला एका ज्युनियर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो, आणि भुताखेतांवर बोलणाऱ्या पोरांची टर उडवण्यात माझा हातखंडा आहे. हे छापून आलं तर आता ती माझी उडवतील. उडवू देत बापडी.

घरात आई आणि मी, दोघंच. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. पण गल्लीत त्यांची ओळख होती ती थर्माकोलच्या मखरांमुळे. श्रावण लागला की आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. शेगडीची जुनी कॉईल सरळ करून तिची तार त्यांनी बांबूच्या कामठीला धनुष्यासारखी बांधली होती. ट्रान्सफॉर्मर लावला की तार तापायची आणि थर्माकोल लोण्यासारखा कापला जायचा. त्याचे पांढरे दाणे आमच्या केसांत, अंथरुणात, आमटीतसुद्धा सापडायचे. तो जळका वास आजही कुठे आला, तर मला आधी गणपती आठवतो.

महिरपी कापायची त्यांची एक पद्धत होती. शीटांची छातीइतकी चळत रचायची, दोन्ही टोकांना प्लायवूडचा एकसारखा फर्मा ठोकायचा आणि फर्म्याच्या कडेवर आकडे घालायचे. एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला आई. मध्ये चळत आणि दोघंही वाकलेली, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. अण्णा आकडा म्हणायचे, "एक…" आणि तार तिथे पोचली की पलीकडून आई म्हणायची, "हं." मग "दोन…" असं शेवटपर्यंत. दोघांपैकी एकानं जरी घाई केली, तरी महिरप वाकडी. माझं सगळं लहानपण त्या "हं"च्या तालावर गेलं, असं म्हटलं तरी चालेल.

पुढे सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. अण्णा म्हणाले, बरं झालं, नदीत किती दिवस तरंगत राहतो तो. कामठी माळ्यावर ठेवली. पण त्यानंतरच्या प्रत्येक श्रावणात ते घरभर नुसते फिरत राहायचे. बघवायचं नाही.

त्यांची एकच हौस राहिली. भंडारदऱ्याला पाण्याच्या काठी एक रात्र आईबरोबर मुक्काम करायचा. दर वर्षी विसर्जन झालं की विषय निघायचा आणि दर वर्षी आई मोडता घालायची, कारण ती परक्या गादीवर पाठ टेकत नाही. लॉजची गादी, कोण झोपलं असेल, देव जाणे! पुढच्या वर्षी बघू, म्हणायची. असं म्हणता म्हणता अण्णा गेले. त्यानंतर आईनं देऊळ सोडून कुठे जाणंच टाकलं. झोपही उडाली तिची. पहाटे बघावं तर खिडकीशी बसलेली.

मोबाईलवर एक व्हिडिओ बघताना माझ्या डोक्यात किडा वळवळला. परदेशात कुणी हौशी माणसं फोमच्या शीटांपासून छोटा कॅम्पिंग ट्रेलर घरीच बनवतात. फोम चिकटवायचा, वरून गोंदात भिजवलेलं कापड ताणायचं आणि रंग मारायचा. इतका हलका, की लहान कारसुद्धा ओढते. म्हटलं, आईची गादीच घेऊन जाऊ की भंडारदऱ्याला!

गच्चीवर ऊन अडवायला घालतात त्या निळ्या फोम शीट आणल्या. खालचा सांगाडा नगर रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेटरनं करून दिला. फोम हातात तोलून तो म्हणाला, "सर, ह्ये लई हलकं हाय. वाऱ्यानं पळंल." म्हटलं, पळू दे, मागे मी आहेच.

आईला मात्र काडीचा उत्साह नव्हता. छताचा पुढचा गोल भाग कापायला माळ्यावरून कामठी काढली, तेव्हा मी तिला म्हटलं, दुसऱ्या बाजूला उभी राहतेस का?

"ते टोक मी ह्यांच्यासाठी धरत होते," ती म्हणाली. "आणि मी कुठेही येणार नाहीये. तुझी हौस आहे, तू कर."

ती कुठे येणार नसेल, तर हा सगळा खटाटोप करायचा कुणासाठी? दोन दिवस मी कामाला हात लावला नाही. मग हट्टालाच पेटलो. पलीकडचं टोक सुतळीनं बांधलं, सुतळीला दगड लटकवला. दगडानं टोक ओढायचं आणि इकडून मी. झालं काय, दगड कधी अडायचा, कधी धाडकन ओढायचा. शीट चिकटवून केलेले दोन ठोकळे वाया गेले. फिजिक्सच्या मास्तरनं हात टेकले.

तिसरा ठोकळा मी रामनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी लावला. आमच्या पार्किंगमध्ये, फाटकाला आतून कडी. आई रामाच्या देवळात कीर्तनाला गेली होती. देवळापर्यंत दोन गल्ल्या ओलांडाव्या लागतात. तार तापली. का कोण जाणे, मी मोठ्यानं फर्म्यावरचे आकडे म्हणायला लागलो. एक…

"हं."

मला वाटलं आई परत आली. खरं तर इतकं बरं वाटलं, की फाटकाला कडी आहे हे डोक्यातच आलं नाही. दोन… "हं." तार दोन्ही बाजूंनी सारखी चालली होती. पलीकडे हात आहे हे हाताला कळतं, तुम्ही कधी कुणाबरोबर करवत चालवली असेल तर समजेल. वळणावर पलीकडून किंचित थांबून घेतलं, मग परत चाल. शेवटच्या आकड्याला तार बाहेर आली. मी म्हटलं, "जमलं गं!"

ठोकळ्याला वळसा घालून गेलो, तर तिथे कोणी नव्हतं. कडी तशीच. सुतळी सुटून दगड खाली पडला होता. कापलेला पृष्ठभाग मात्र आरशासारखा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी स्टुलावर बसून राहिलो, ट्रान्सफॉर्मर बंद करायचंही सुचलं नाही.

तासाभरानं आई आली. चप्पल काढतानाच म्हणाली, आज फजितीच झाली. कीर्तनात डुलकी लागली तिला, आणि झोपेत कुणीतरी आकडे म्हणतंय असं ऐकू आलं. ती आपली "हं, हं" म्हणत राहिली. शेवटी शेजारच्या काकूंनी कोपरानं ढोसलं. बुवासुद्धा थांबून बघायला लागले होते म्हणे.

हिला अण्णांचा आवाज आला असं वाटतंय, हे उघड होतं. तिचा चेहरा इतका निवला होता, की माझ्याकडचं काही सांगायची हिंमत झाली नाही. ती पाणी प्यायली, पार्किंगमध्ये जाऊन त्या कापावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वरून मांजरपाट लाव. धुवून देते. आणि माझी गादी मावेल एवढी जागा ठेव."

पुढच्या महिन्यात आम्ही निघालो. अकोले, राजूर, शेंडी… जुन्या कारमागे पांढरा ट्रेलर. चढावर गाडी धापा टाकायची आणि आई मागे वळून वळून बघायची, आपलं काही सांडत तर नाही ना! रात्री आई ट्रेलरमध्ये आपल्या गादीवर झोपली, मी बाजूला तंबू ठोकला होता. सकाळी उठून बघतो तर उन्हं पाण्यावर आलेली आणि आई अजून झोपलेली. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच. मी तंबूच्या दोऱ्या उगाच घट्ट करत बसलो, कारण डोळे भरून आले होते आणि काहीतरी करायला हवं होतं.

ती उठली, आम्ही स्टोव्हवर चहा ठेवला. पाण्याकडे बघत ती सहज म्हणाली, "पाचनंतर घाई केलीस तू. ह्यांनी कधी नाही केली."

पाचव्या आकड्याला माझ्या खिशातला मोबाईल वाजायला लागला होता आणि मी पुढचे आकडे भराभर म्हटले होते, पलीकडची चालही तितकीच वाढली होती. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्या दुपारचं काहीच सांगितलं नव्हतं.

म्हटलं, "तुला अण्णांचा आवाज आला ना?"

"नाही रे. तुझाच होता. पलीकडे कोणी नव्हतं तुला, मग मी तार धरली." आणि तिनं चहा गाळला.

मी खूप डोकं चालवलं. सुतळी कुठे अडकली असेल, गरम फोमचा आवाज असेल, योगायोग असेल. वर्गात कुणी असं स्पष्टीकरण दिलं असतं, तर मी त्याला नापास केलं असतं. कित्येक दिवस मी समजत होतो की आईला अण्णांनी हाक मारली. ती मी मारली होती. दोन गल्ल्या ओलांडून ती तिच्यापर्यंत कशी पोचली आणि तिचा हात माझ्यापर्यंत कसा आला, ते मला आजही सांगता येत नाही.